फ्रिजवरची यादी आणि लाल पेन

२०२३च्या गुढीपाडव्याला मी एक यादी केली होती, चांगल्या जाड कागदावर, मार्करने वगैरे, वरच्या कोपऱ्यात हिरवं पान काढलेलं (ते लेकीने काढून दिलं, माझं पान वांग्यासारखं आलं होतं), आणि ती फ्रिजच्या दारावर मॅग्नेटने लावली. अकरा संकल्प. अकराच का, तर आकडा शुभ म्हणून. खरं सांगायचं तर नऊच सुचले होते, दोन ओढून आणले. श्रीखंड-पुरी हाणून सुस्तावलेला माणूस दुपारी तीन वाजता पर्यावरण वाचवायला निघाला की काय होतं, त्याचा हा रिपोर्ट.

यादी साधारण अशी होती. ओल्या कचऱ्याचं घरीच खत. आरओचं वाया जाणारं पाणी फेकायचं नाही. संत्र्या-मोसंबीच्या सालींचं बायोएन्झाइम करायचं आणि त्यानेच भांडी-फरशी. प्लॅस्टिकची पिशवी घरात येणार नाही. दुधाच्या पिशव्या धुवून वाळवून मगच द्यायच्या. लेकीच्या वाढदिवसाला डिस्पोजेबल प्लेटा नाहीत, स्टीलची भांडी. शाडूचा गणपती, विसर्जन घरी बादलीत. एसी २४च्या खाली नाही. अंघोळ बादलीनेच, शॉवर बंद. आठवड्यातून एक दिवस गाडी काढायची नाही. आणि अकरावा, नळ गळताना दिसला की त्याच दिवशी दुरुस्त.

वर्षभर मी खूश होतो. ऑफिसात डबा खाताना विषय निघाला की मी हळूच सांगायचो, आमच्याकडे खत होतं घरी, आम्ही पिशव्या घेतच नाही. एकदोघांनी फोटोबिटो मागितले, मी पाठवले. 'आम्ही' हा शब्द मी इतक्या सहज वापरत होतो की तो कुणाकुणाचा मिळून बनलाय हे डोक्यातच आलं नाही.

मग पुढचा पाडवा आला. कागदाला तोवर तेलाचे डाग पडलेले, एक कोपरा फाटलेला. मी म्हटलं बायकोला, चल बघू, किती पाळले आपण. ती गॅसवर दूध ठेवून उभी होती, तिने लेकीच्या कंपासमधलं लाल पेन घेतलं आणि म्हणाली, किती पाळले ते नको, कुणी पाळले ते लिहू. आणि प्रत्येक ओळीसमोर लिहीत गेली. खतासमोर 'मी'. आरओच्या पाण्यासमोर 'मावशी', म्हणजे आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या. एन्झाइमसमोर 'मावशी', पुढे कंसात 'बिचारी'. पिशव्यांसमोर 'आई'. दुधाच्या पिशव्या, 'मी'. वाढदिवस, 'मी आणि मावशी'. गणपतीचं विसर्जन, 'आई'. एसी आणि अंघोळ, 'सगळे'. गाडीसमोर 'तू', आणि खाली बारीक अक्षरात 'जूनपर्यंत'. नळासमोर बराच वेळ पेन धरून थांबली, मग लिहिलं, 'कोणीच नाही'.

दूध उतू गेलं त्या नादात. ते पुसलं मात्र मी.

आता यात मला राग यायला हवा होता किंवा वाद घालायला हवा होता, पण घालणार कशावर, सगळं बरोबरच होतं की. नळाचंच घ्या. बाथरूममधला तो नळ गळायला लागला तेव्हा मी काय केलं असेल? पेला लावून मोजलं. अडीचशे मिलीचा पेला भरायला २२ मिनिटं, म्हणजे दिवसाला सोळा लिटरच्या वर पाणी, म्हणजे महिन्याला जवळजवळ पाचशे लिटर. हा हिशोब मी फॅमिली ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी डोळे विस्फारलेले चेहरे पाठवले, आणि नळ गळतच राहिला. खाली मावशींनी बादली ठेवली.

---

तर एकेक सांगतो, क्रमाने नाही, आठवेल तसं.

सगळ्यात जास्त लाज वाटते ती एन्झाइमची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गूळ एक भाग, लिंबूवर्गीय साली तीन भाग, पाणी दहा भाग, बाटलीत भरायचं, तीन महिने आंबू द्यायचं. पहिला महिना त्यात गॅस भरपूर तयार होतो म्हणून रोज झाकण सैल करून सोडायचा असतो, आणि बाटली प्लॅस्टिकचीच घ्यायची, काचेची अजिबात नाही, फुटली तर काचा उडतात. हे सगळं मला पाठ होतं. मी नागपूरहून आलेली संत्री चारपाच डझन सोलून दोन मोठ्या बाटल्या भरल्या, माळ्यावर ठेवल्या, आणि तिसऱ्या दिवसापासून विसरलो. अकराव्या रात्री दोन वाजता सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज. आई 'काय फुटलं गं' करत उठली, लेक रडायला लागली, आणि माळ्यावरून गुळाचं आंबूस पाणी भिंतीवरून खाली शोकेसवर, तिथून माझ्या आजोबांच्या फोटोवर. दुसरी बाटली फुगून ढोल झालेली, ती मी टॉवेलात गुंडाळून बाल्कनीत नेऊन हळूहळू उघडली, बॉम्बशोधक पथकातला माणूस जसा चालतो तसा चालत.

भिंत दुसऱ्या दिवशी कुणी पुसली ते लाल पेनात आलंच आहे.

आणि उरलेल्या एका बाटलीचं जे एन्झाइम झालं, ते मी मोठ्या कौतुकाने मावशींच्या हातात दिलं, म्हटलं आता साबण बंद, याने घासा, नदीत फेस जाणार नाही. त्यांनी आठ दिवस घासली भांडी. काही बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी घरी होतो तर म्हणाल्या, "दादा, ती भज्यांची कढई एकदा तुम्हीच घासून बघा." घासली. पंचवीस मिनिटं लागली, घामाघूम झालो, तरी कढईच्या कानाखाली चिकट राहिलंच. मावशी दिवसाला आमच्यासारखी आणखी चार घरं करतात. प्रत्येक घरात पंधरा मिनिटं जास्त लागली तर सव्वा तास वर, आणि तो वेळ त्यांना कुणीही देत नाही, मीही देत नव्हतो. माझ्या नदीप्रेमाचं बिल त्या भरत होत्या. संध्याकाळी साबणाची वडी आणून ठेवली सिंकवर. एन्झाइम आता पातळ करून टॉयलेटला आणि फरशीला वापरतो, तिथे छान चालतं, फक्त संगमरवर असेल तर लावू नका, आम्लधर्मी असतं, डाग पडतात.

आरओचं पण असंच. आमच्या मशीनला एक लिटर पिण्याचं पाणी यायला तीन लिटरच्या आसपास पाणी नळीतून बाहेर जायचं. ते फेकायचं नाही म्हणून नळी बादलीत सोडली, बादली भरली की ती मोरीत नेऊन लादी पुसायला वापरायची. योजना उत्तम. फक्त दिवसातून दोन वेळा भरलेली बादली उचलणारा माणूस मी नव्हतो. मावशींची कंबर धरली तेव्हा बायकोने विचारलं, आपल्याला आरओ लागतोच का पण? हा प्रश्न इतका साधा की मला कधी पडलाच नाही. दीडशे-दोनशे रुपयांचं टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे) मोजायचं पेन मिळतं, मागवलं, बुडवलं, तर आमच्या नळाला आकडा शंभरच्याही आत. खडकवासल्याचं धरणाचं पाणी ते, त्याला आरओ कशाला? राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलंय की टीडीएस पाचशेच्या आत असेल तिथे आरओला मनाई करा. आता बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी, तुमचं तुम्ही मोजून बघा. आम्ही मशीन बदलून यूव्हीवालं घेतलं, ते नुसत्या अतिनील किरणांनी जंतू मारतं, पाणी फेकत नाही. बादलीच गेली. इतकी बचत अख्ख्या यादीत दुसरी कुठली झाली नसेल, आणि त्यासाठी कुणालाही काही उचलावं लागलं नाही.

---

पिशव्यांसमोर 'आई' लिहिलं होतं त्यावर मात्र आईच हसली. लोकांना वाटतं जुनी माणसं म्हणजे जन्मजात पर्यावरणवादी. मीही एकदा असंच काहीतरी बोललो तिच्यासमोर, की तुमच्या वेळी कसं सगळं पुन्हा वापरलं जायचं, जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडी द्यायची, लुगड्यांच्या गोधड्या व्हायच्या. आई म्हणाली, "आम्ही काय निसर्ग वाचवत होतो का रे, पैसे वाचवत होतो. आणि गोधडी शिवायला किती दिवस जातात माहितीये का? बोटांना भोकं पडतात." पहिल्यांदा प्लॅस्टिकचे डबे घरात आले तेव्हा ती किती खूश झाली होती तेही तिने सांगितलं, हलके, न गंजणारे, पडले तरी पोचा नाही. आजही तिच्या कपाटात दाराला एक पिशवी टांगलेली आहे, त्यात घडी घातलेल्या पिशव्या, त्यातली एक तर अशा दुकानाची की ते दुकान बंद होऊन पंधरा वर्षं झाली.

पण हेही खरं की राज्यात २०१८च्या मार्चमध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली, जूनपासून पाच हजारांचा दंड वगैरे सुरू झाला, आणि सगळे कापडी पिशव्या विकत घ्यायला धावले, तेव्हा आईने बाबांच्या जुन्या पँटींच्या पायाच्या सहा पिशव्या मशीनवर शिवल्या. टेरिकॉटच्या. त्या अजून आहेत. मला याचं महत्त्व नंतर कळलं, डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८चाच एक अहवाल वाचला तेव्हा. त्यात हिशोब होता की नवीन सुती पिशवी सगळ्या बाजूंनी प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायची तर ती हजारो वेळा वापरावी लागते, साध्या कापसाची सात हजारांच्या वर. कापूस पिकवायला पाणी, खत, सगळं लागतंच ना. आणि इथे प्रत्येक सेमिनारला, प्रत्येक लग्नाच्या रिटर्न गिफ्टला एक नवीन कापडी पिशवी मिळते, वर झाडाचं चित्र छापलेलं. आमच्याकडे अशा चौदा आहेत. मोजल्या. (मोजणं मला जमतं, हे एव्हाना लक्षात आलं असेल.) पँटच्या पिशवीला मात्र हा हिशोब लागूच नाही, तो कापूस म्हणा टेरिलीन म्हणा, बाबांनी आधीच आठ-दहा वर्षं वापरून घेतलेलं.

पिशवी नसण्याचा प्रश्न नाहीच हो, विसरण्याचा आहे. घरी सहा पिशव्या आणि मी मंडईत हात हलवत उभा. यावर उपाय बायकोने काढला, गाडीच्या किल्लीलाच एक घडीची पिशवी अडकवून टाकली. आता किल्ली घेतली की पिशवी येतेच. दिसतं बावळट. पण एकदा कोथिंबीर-मेथीवाल्या आजी म्हणाल्या, "बरं केलंस, माझ्या पिशव्या संपल्यात," तेव्हापासून काही वाटत नाही.

---

आता दुधाच्या पिशव्या. ही गोष्ट जरा नीट सांगायचीये.

आमच्याकडे कचरा घ्यायला 'स्वच्छ'च्या ताई येतात. पुण्याबाहेरच्यांना सांगतो, ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते, आणि तिच्या मागे १९९३ मध्ये बाबा आढाव वगैरे मंडळींनी उभी केलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. सुका कचरा विकून जे येतं ते त्यांचं. म्हणजे मी सुका कचरा किती स्वच्छ देतो यावर ताईंच्या हातात किती पडतं ते ठरतं, हे मला इतकी वर्षं कळलंच नव्हतं, माझ्या लेखी ओला-सुका वेगळा म्हणजे हिरवी बादली आणि निळी बादली, झालं.

एका रविवारी मी खाली गेलो तर ताई आमच्याच मजल्याच्या पिशव्या निवडत बसलेल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "भाऊ, पिशवी धुता तुम्ही, चांगलंय, पण कोपरा कापू नका." मला कळेना. मग त्यांनी दाखवलं. आपण दुधाची पिशवी फोडताना कात्रीने कोपरा पूर्ण कापतो, तो नखाएवढा तिकोनी तुकडा ओट्यावर पडतो, तिथून भाजीच्या सालीत, तिथून ओल्या कचऱ्यात. पिशवीला भाव आहे, त्या नखाएवढ्या तुकड्याला कोण उचलणार? तो खतात जातो, गटारात जातो, गाईच्या पोटात जातो. कात्री फक्त अर्धी चालवायची, तुकडा पिशवीलाच लटकत राहिला पाहिजे. बास. रोज दोन पिशव्या म्हणजे वर्षाला सातशे तीस तुकडे, आणि आम्ही दोघं मिळून गेली चौदा वर्षं दूध घेतोय, करा गुणाकार, मी केला आणि गप्प बसलो.

२०१८च्या त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे परत देण्याची तरतूद होती, पिशवीवर छापून. मला आजवर कुणी ते पन्नास पैसे दिले नाहीत. पण ताई ती पिशवी नेतात.

तेव्हापासून दूध मी फोडतो. हे वाचून कुणाला हसू येईल, पण खरंच, सकाळी सहाला उठून दूध फोडणं, पिशवी उलटी करून धुणं आणि सिंकवरच्या दोरीला चिमट्याने लावणं हे माझं काम आहे आता. पिशवीच्या आत राहिलेलं पाणी चहात जातं, लेकीचं म्हणणं त्यानेच चहा पाणचट होतो.

याच ताईंकडून दुसरीही एक गोष्ट कळली, जी माझ्या यादीत नव्हतीच. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्या, अशी मोहीम आहे 'स्वच्छ'ची, म्हणजे निवडताना त्यांना उघडून बघावं लागत नाही, हात लावावा लागत नाही. मी घरी येऊन मोठ्या उत्साहाने बायकोला सांगायला लागलो तर ती म्हणाली, दोन वर्षं झाली मी कप वापरते, आणि लेकीच्या पॅडला ठिपका मीच काढते, तुला काय आत्ता कळलं? दोन वर्षं. महिन्यामहिन्याला आमच्या घरातून बाहेर पडणारा जो सगळ्यात न कुजणारा कचरा, तो तिने स्वतःपुरता गुपचूप बंद केला होता, मार्कर न वापरता, हिरवं पान न काढता, फ्रिजवर काही न चिकटवता. आणि मी ऑफिसात काय सांगत होतो, तर एसी चोवीसवर ठेवतो.

---

वाढदिवसाचं पटकन सांगतो. बावीस मुलं, बावीस ताटल्या, चव्वेचाळीस वाट्या, बावीस पेले, चमचे वेगळे. मी फोटो काढत होतो. दुसऱ्या वर्षी मी फोटो काढले नाहीत, भांडी घासली, आणि तेव्हाच सुचलं की वाटी एकच पुरते, केकला आणि भेळेला. घासणाऱ्या माणसाला मेनू कळतो.

गणपतीचं पण थोडक्यात. शाडूची मूर्ती बादलीत छान विरघळते, ते पाणी-माती कुंड्यांत घाला असं सगळे सांगतात, आईने घातली, तुळस गेली. शाडू चिकण असते, वाळली की सिमेंट, मुळांना हवा जात नाही. पुण्यात 'पुनरावर्तन' नावाची मोहीम आहे, शाडू परत गोळा करून मूर्तिकारांकडे देतात, आता माती वाळवून तिकडे देतो. ती वाळवणं, खरवडणं, पोत्यात भरून नेणं, माझ्याकडे.

---

आणि खत. खतासमोर 'मी' म्हणजे बायको, हे आधी लिहिलंच आहे.

पहिल्या वर्षी मी भोकं पाडलेले दोन ड्रम आणले, कोकोपीट आणलं, विरजणासारखं कल्चर आणलं, पहिले आठ दिवस मीच सगळं घातलं, फोटो काढले, आणि ऑगस्टमध्ये बंगळुरूला टूरवर गेलो. चौथ्या दिवशी सकाळी सव्वासहाला बायकोचा मेसेज. "किडे घरात आलेत. तुझे आहेत." सोबत फोटो. बाल्कनीच्या उंबऱ्यावरून तपकिरी चपट्या अळ्यांची एक रांग, चांगली बोटाच्या पेराएवढी एकेक, वारीला निघाल्यासारखी शिस्तीत स्वयंपाकघराकडे. मी तिकडून वाचून तिला ज्ञान दिलं, घाबरू नकोस, त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या आहेत, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने खातात, पूर्ण वाढ झाली की कोरडी जागा शोधत ड्रममधून बाहेर पडतात, निसर्ग आहे. यावर तिचं उत्तर इथे लिहिता येणार नाही. तिने सुपलीत भरून त्या खाली आंब्याच्या झाडाशी सोडल्या, साळुंक्या जमल्या होत्या म्हणे, आणि ऑफिसला गेली. आणि पुढे वर्षभर तो ड्रम तिनेच चालवला, कारण मला म्हणाली, तुझ्यावर सोडला तर परत अळ्या येतील.

अळ्या का आल्या तर मी जाण्याच्या आदल्या दिवशी उरलेली कढी आणि साबुदाण्याची खिचडी आत ओतून गेलो होतो, पावसाळी हवा, आत नुसता चिखल. लाल पेनानंतर ड्रम मी परत घेतला, आणि यावेळी कल्चर-बिल्चर सोडून एकाच गोष्टीच्या मागे लागलो, सुका पाला. खत बिघडतं ते नव्वद टक्के वेळा पाला कमी पडला म्हणून, हे माझं मत, कुणी खोडून दाखवा. एक वाटी ओलं पडलं की वर दोन वाट्या सुका पाला, रोज, कंटाळा न करता. वास आला तर ओल जास्त, पाला वाढवा, काठीने हलवा. मुंग्या झाल्या तर कोरडं पडलंय, हबका मारा. मूठभर घेऊन दाबलं तर हात ओलसर झाला पाहिजे पण पाणी गळता कामा नये. एवढंच शास्त्र.

पण पाला आणायचा कुठून? फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हाच वर्षभराचा भरून ठेवावा लागतो. आमच्या सोसायटीत तो झाडून कोपऱ्यात ढीग करून पेटवून द्यायचे, मनाई असली तरी, आणि तो धूर आमच्याच बेडरूममध्ये यायचा. मी वॉचमनकाकांना सांगितलं, पेटवू नका, मला द्या. ते आधी माझ्याकडे बघतच राहिले. आता दर रविवारी सकाळी मी बारदानाची पोती घेऊन खाली. पिंपळाची पानं मोठी, चिकटून थर बसतो, ती हाताने चुरावी लागतात. गुलमोहराची बारीक पानं बेस्ट, चुरायची गरजच नाही, तांदळासारखी पसरतात. पहिल्या वर्षी पाच पोती भरली, जिन्याखाली ठेवली, सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यावर वीस मिनिटं चर्चा झाली की आग लागेल, साप येईल, किंमत कमी होईल फ्लॅटची. मी पोती आमच्या बाल्कनीत आणली. बायकोचं कपडे वाळत घालायचं स्टँड आत सरकलं. त्यावर वाटाघाटी अजून चालू आहेत.

चार माणसांच्या घरचं आठवड्याचं ओलं आमच्याकडे साडेचार-पाच किलो भरतं, आंब्याच्या दिवसांत सात. (कोयी कुजत नाहीत लवकर, त्या वेगळ्या काढा, नाहीतर ड्रममधून हापूसचं रोप वर येतं. आमच्या आलंय.) पावणेदोन-दोन महिन्यांत ड्रम तयार होतो. चाळणीने चाळताना काळं, भुसभुशीत, चहाच्या भुकटीसारखं खाली पडतं आणि वास येतो तो पहिल्या पावसाचा, उगाच कवितेतलं सांगत नाहीये, खरंच तसाच येतो. अंड्यांची टरफलं आणि, हो, दुधाच्या पिशवीचे ते तिकोनी तुकडे वर राहतात. जुने. पहिल्याच चाळणीत सदतीस सापडले होते.

उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी किती वर्षं पुण्याचा कचरा झेलला, किती वेळा गाड्या अडवल्या, आणि तेव्हा शहरात चौकाचौकात ढीग लागले की आपण म्हणायचो हे गाववाले कसे अडून बसतात. तो वास मला माझ्या एका ड्रमच्या चिखलाने शिकवला, चार दिवसांचा. त्यांना अनेक वर्षांचा होता.

---

२०२४ची यादी मग लहान झाली. नियम एकच ठरला, जे काम मी स्वतः करणार तेच माझ्या नावावर लिहायचं, बाकीच्यांना लिहायचं असेल तर त्यांचं त्यांनी. माझ्या नावावर दूध आणि पिशव्या धुणं, खताचा ड्रम आणि पाला, आणि ऑफिसला मेट्रो. मेट्रोचं नशिबाने जमलं, त्याच मार्चमध्ये वनाजहून थेट रामवाडीपर्यंत सुरू झाली आणि माझं ऑफिस कल्याणीनगरला, आठवड्यातून एक दिवस म्हणत होतो ते चार दिवस कसे झाले कळलं नाही, यात त्याग वगैरे काही नाही, बंडगार्डनच्या पुलावरचा ट्रॅफिक वरून बघत जायला मजा येते.

पंखे बदलले, जुना पंचाहत्तर वॉटचा काढून तीस-बत्तीस वॉटचे बीएलडीसी लावले. रोज बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटं वाचतात. हे यादीत घ्यायचं म्हटलं तर बायको म्हणाली, विकत घेणं म्हणजे काम नव्हे. काढलं.

लेकीने स्वतःहून लिहिलं, 'नवीन कपडे फक्त दिवाळीला'. मे महिन्यात मोडलं, मैत्रिणीच्या बर्थडेला. तिने स्वतःच लाल पेनाने 'मेपर्यंत' लिहिलं. आईने लिहिलं, 'मी काही लिहिणार नाही, मला पुष्कळ कामं आहेत.'

यंदाचाही कागद लागलाय फ्रिजवर. तीन ओळी माझ्या, पुन्हा त्याच. काल रात्री पाणी प्यायला उठलो तर चौथी ओळ दिसली, लाल पेनातली, 'गळका नळ', आणि पुढे नाव न लिहिता नुसती रेघ.

वॉशर आठवड्यापूर्वीच आणलाय, दहा रुपयांचा, खिशातच आहे. पान्हा शेजारच्यांकडे आहे आणि ते साडेनऊला झोपतात. आत्ता सव्वानऊ. जातो.